शेजारी कोण बसलंय?

माझा चुलतभाऊ जर्मनीत असतो. परवा त्याचा निरोप आला. लेक पाच वर्षांची झाली, तिला मराठी अक्षरं शिकवायची आहेत, तर काकूने (म्हणजे माझ्या आईने) रोज अर्धा तास व्हिडिओवर तिचा अभ्यास घेतला तर जमेल का? वर पुन्हा, "तुम्ही लोकांनी करोनात हेच केलं होतं ना?" त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, आता इथेच टाकावं. घरातल्या मंडळींना ह्यातलं निम्मं माहीत आहे, त्यांनी सांभाळून घ्यावं.

तर, हो. केलं होतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी आणि माझी लेक चार दिवसांसाठी म्हणून पुण्याहून कळंब तालुक्यातल्या माझ्या माहेरी आलो होतो. (तेव्हा जिल्ह्याचं सरकारी नाव उस्मानाबाद होतं, धाराशिव झालं ते २०२३ मध्ये. आई मात्र पहिल्यापासून धाराशिवच म्हणते.) ते चार दिवस पावणेदोन वर्षं चालले. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली ती थेट १ डिसेंबर २०२१ पासून. मधल्या काळात मोठ्या वर्गांची दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ह्या चिमण्यांची मात्र बंदच.

आमच्या ओसरीवर तीन मुलं होती. एक माझा भाचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली उरकून दुसरीत गेलेला. दुसरी माझी लेक, पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत 'गेलेली', म्हणजे फी गेलेली. आणि तिसरी शेजारच्यांची बारकी. तिला सगळी गल्ली बारकीच म्हणते, म्हणून मीही तेच लिहिते. ती गावच्या शाळेत पहिलीत. जून २०२० मध्ये तिचं नाव पटावर चढलं तेव्हा तिने शाळेची खोली आतून पाहिलेलीसुद्धा नव्हती.

लेकीचा वर्ग सकाळी दहाला. आमचं घर जुनं, माळवदाचं. खाली रेंज यायची नाही म्हणून माळवदावर जायचं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात छत्री, मधे पोरगी. जिन्याच्या तोंडाशी आई बसून राहायची, पोरं कडेला जाऊ नयेत म्हणून. पडद्यावर वीस-बावीस चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा, कुठे नुसतं कपाळ. बाई बिचाऱ्या जीव तोडून शिकवायच्या. पण "चला, सगळे मिळून म्हणूया" म्हटलं की घोळ. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या क्षणी पोचायचा, गाण्याची पार भेळ व्हायची. मग बाई सगळ्यांचे आवाज बंद करायच्या आणि एकट्याच गायच्या. लहान मुलांच्या वर्गातला निम्मा जीव सगळ्यांनी मिळून ओरडण्यात असतो, हे मला त्या दिवसांत कळलं. ज्या पोराला येत नाही ते पोर बाजूच्याचं ऐकून शेवटचा शब्द पकडतं, मग त्याच्या आधीचा. चौकटीतल्या पोराला बाजूच असत नाही.

आई दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ही शाळा शिकायलीय का शाळा बघायलीय?"

महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की बाई मुळात माझ्याशीच बोलत असतात. "आई, उद्या दोन रंगांच्या वस्तू गोळा करून ठेवा." "बाबा, पेन्सिल कशी धरतोय ते बघा." ह्यात त्यांचं काही वावगं नव्हतं. केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२० मध्ये आल्या, त्यातही पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त अर्धा तास आणि तोही पालकांशी बोलून त्यांना वाट दाखवण्यासाठी, असंच होतं. म्हणजे सूचना लिहिणाऱ्याला नक्की माहीत होतं की पाच वर्षांचं पोर फोनमधून शिकत नाही, त्याच्या शेजारी बसलेलं माणूस शिकवतं. फोन त्या माणसासाठी. ही गोष्ट इतक्या शांतपणे लिहून ठेवली होती की कुणी मोठ्याने विचारलंच नाही, की बाबा रे, शेजारी कोण बसलंय?

आमच्याकडे बसायला आई होती. आईची शाळा चौथीपर्यंत. पोथी वाचते, पेपरातले मथळे वाचते, त्यापुढे नाही. आणि तरी लेकीच्या अक्षरातली सगळ्यात मोठी खोट तिनेच पकडली. लेकीच्या वर्गात पान लिहून त्याचा फोटो पाठवायचा असायचा, उलट एक चांदणी यायची. लेकीचा 'अ' फोटोत अगदी सुबक. पण ती तो उजवीकडच्या काठीपासून सुरू करायची आणि मागे मागे येत डावीकडे पोटाशी संपवायची. फोटोत काढून झालेलं अक्षर दिसतं, ते कसं काढलं ते दिसत नाही. मी लॅपटॉप घेऊन ढेलजेत, माझ्या ऑफिसच्या मीटिंगा चाललेल्या. आई ओसरीवर डाळ निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "अगं, ही उलटी चाललीय की." पन्नास वर्षं रोज रांगोळी काढलेला हात आहे तो, रेष कुठून उचलायची हे त्याला कळतं. मग तिने परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, लेकीच्या मागे बसली, तिचं बोट आपल्या हातात धरलं आणि आठवडाभर दुसरं काही नाही, फक्त अ. ते पीठ रोज पुन्हा डब्यात. (भाकरी अक्षरओळख झालेल्या पिठाच्या खाल्ल्या आम्ही.)

भाच्याचं वेगळं होतं. गावचे गुरुजी मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीवर यायचे, पारावर बसायचे, झेरॉक्स वाटायचे, आधीच्या तपासायचे. बाकीच्या दिवशी व्हॉट्सॅपवर अभ्यास यायचा. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" अशी घोषणा होती तेव्हा. भावाचा फोन भावाबरोबर शेतात, त्यामुळे सकाळचा अभ्यास संध्याकाळी सातला घरी पोचायचा. तरी भाच्याचं बरं चाललं. कारण त्याला वाचता येत होतं. पहिलीचं वर्ष त्याने वर्गात काढलं होतं, मार्चपर्यंत तो अडखळत का होईना धडा वाचायला लागला होता. कागद हातात दिला की तो कागद त्याच्याशी बोलायचा. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरून तो स्वतः व्हिडिओ लावायचा. (ही कोडची कल्पना ज्यांच्यामुळे गाजली ते रणजितसिंह डिसले गुरुजी आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, परितेवाडीचे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या गुरुजींनी पारावर पेढे वाटले होते, जणू ह्यांनाच मिळालं.)

बारकीला तोच क्यूआर कोड दाखवला तर ती म्हणाली, "ही रांगोळी कशाची?"

तिच्या घरी साधा फोन, बटणांचा. तोही बापाकडे. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागायची, एमकेसीएलच्या मंडळींनी केलेली, पहिली ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांवरची. छान होती ती. फळा नाही, घंटा नाही. मुलं घरात, अंगणात, रानात काहीतरी करून बघतात. वीज असली की तिघंही आमच्या टीव्हीसमोर. पण त्यातही गंमत अशी की मालिकेतल्या प्रत्येक मुलाबरोबर कुणीतरी मोठं माणूस असायचंच, त्याला विचारणारं, थांबणारं. बारकीने एकदा विचारलं होतं, ती ताई ह्यांच्या घरची आहे का.

ह्या बाबतीत आपल्याकडे जुनं शहाणपण आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा चराईच्या रानातच नेली, तिचं नाव कुरणशाळा. आज सरकारी अंगणवाडी म्हणून जे नाव पाटीवर असतं, ते तिथून आलेलं आहे. मूल शाळेपासून लांब असेल तर काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी मुलाकडे माणूस पाठवलं. धडा पाठवला नाही.

असो. जुलै ते दसरा बारकी आमच्याच ओसरीवर. आईने तिघांना एकच शाळा लावली. सोयाबीन, मूग, तूर वेगळं करायचं. चिंचोके मोजायचे. शेर, मापटं, चिपटं घेऊन धान्य मापायचं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पोरांना अर्धं आणि पाव हे शब्द कळायच्या आधी हाताला कळले. कडब्याच्या पेंढ्या मोजताना आई पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा धरते, मग पाचुंदे मोजते. पुस्तकात दहाच्या गठ्ठ्याचं जे चित्र असतं ते काय आहे, हे भाच्याला तेव्हा लख्ख कळलं.

आणि आईचा हिशेब विसाचा. सत्तेचाळीस म्हणजे "दोन विसा नि सात". इथे एक आठवण. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस ऐवजी 'वीस एक', 'वीस दोन' अशी पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं: सत्तेचाळीस ऐकताना आधी सात येतो आणि लिहिताना आधी चार, त्यात पोरं गोंधळतात, जोडाक्षरं तर आणखी अवघड. तेव्हा पेपरांतून, विधानसभेतून, व्हॉट्सॅपवरून त्यांची टर उडवली गेली. आणि इकडे माझी आई जन्मभर दोन विसा नि सात म्हणत होती, तिला कुणी हसलं नाही! ओसरीवर तिन्ही पद्धती सुखाने नांदल्या. पोरांना त्याचं काही वाटत नाही. गदारोळ मोठ्यांचा असतो.

दसरा झाला आणि बारकीचे आईबाप ऊसतोडीला निघाले. उचल घेतलेली, थांबता येत नव्हतं. एरवी एखादं पोर आज्जीपाशी ठेवतात शाळेसाठी. पण शाळाच बंद, मग ठेवायचं कशाला? बारकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून गेली, बेळगावकडे. पिशवीत पाटी होती. आईने दिलेली.

इथून पुढे जे झालं ते मी चुलतभावाला मुद्दाम सांगणार आहे. चार-पाच दिवसांनी एकदा संध्याकाळी तिच्या बापाचा मिस्ड कॉल यायचा. आई लगेच उलट लावायची. फोन बटणांचा, चित्र नाही, काही नाही. आई अक्षराचं नावही काढायची नाही. "काय जेवलीस? आज किती मोळ्या बांधल्या तुझ्या मायनं?" बारकी सांगायची, एक वीस नि नऊ. "उद्या अकरा जास्त बांधल्या तर?" मग पलीकडे शांतता, बोटं मोजणं चाललेलं. मग एक हुमान घालायची. उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही, पुढच्या फोनला द्यायचं. एकदा उत्तर कांदा होतं. बारकीने पाच दिवस अख्ख्या टोळीला तेच विचारून हैराण केलं म्हणे. कोपीकोपीतून लोक उत्तरं सुचवायला लागले. मग गोष्ट. आई अर्ध्यावर थांबायची आणि "पुढं काय झालं असंल?" म्हणायची. पुढचं बारकी रचायची, आणि तिच्या गोष्टीत कोल्ह्याऐवजी मुकादम असायचा.

गोष्ट, हुमान, तोंडी हिशेब, गप्पा. हे फोनवरून जातं. अगदी धड जातं, त्याला व्हिडिओही लागत नाही. अक्षर जात नाही. अक्षरासाठी बोट धरावं लागतं, आणि ते बोट कुठल्या दिशेने निघालंय ते मागे बसून बघावं लागतं. तेव्हा जर्मनीकरांनो, आईने रोज फोन जरूर करावा, तिला हौसच आहे. तिने गोष्टी सांगाव्यात, पोरीने जर्मन मिसळून का होईना उत्तरं द्यावीत. पण ओ ठो चं पान तुम्ही दोघांपैकी एकाने घ्यायचं आहे, संध्याकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वीस मिनिटं पुरतात. परात मोठी घ्या, पीठ सांडतं.

बारकी उन्हाळ्यात परत आली. पाटीवर रेघोट्या होत्या, एक अक्षर नव्हतं. बोलायला मात्र पटाईत झालेली, हिशेबात भाच्याला ऐकत नव्हती. जून २०२१ मध्ये ती दुसरीत गेली. सगळेच गेले, कुणाला ठेवायचं नव्हतं. जुलैपासून सरकारने पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला, मागच्या वर्षाची उजळणी म्हणून. दुसरीच्या पोरांना पहिलीची उजळणी. उजळणी कशाची, पहिलीच कुठे झाली होती? गुरुजी पारावर आठवड्यातून चार दिवस यायला लागले, आई होती, मी होते. पावसाळाभरात बारकीला निम्मी मुळाक्षरं आली. दिवाळीच्या आत टोळी निघाली. डिसेंबरात शाळा उघडली तेव्हा ती पुन्हा बेळगावकडे होती. तिने शाळेत पहिल्यांदा बाकावर बसून पाहिलं ते २०२२ च्या एप्रिलात. दुसरी संपत आली होती.

त्याच दिवसांत शाळेच्या पटांगणात 'पहिले पाऊल'चा मेळावा भरला. पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी. सात टेबलं मांडलेली: नावनोंदणी, उड्या-तोल, रंग-आकार, भाषा, अंक, असं करत शेवटचं टेबल पालकांचं. आया गल्लीगल्लीत गट करणार, फोनवर दर आठवड्याला काय करायचं ते येणार, कार्डं मिळणार आणि पोरांना आया शिकवणार. प्रथम संस्थेचा त्यात हात होता. मला बघून इतकं बरं वाटलं! दोन वर्षांनी का होईना, कुणीतरी शेजारी बसणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी दिलं. बारकी तिच्या धाकट्या भावाला घेऊन आली होती. भाऊ रडत होता म्हणून त्याच्या आधी प्रत्येक टेबलावर तीच बसली. सातही टेबलं केली. तिसरीत जाणारी पोर, कुणी हटकलं नाही. गुरुजींनी तर तिच्याही हातात प्रगतीचं कार्ड दिलं.

'असर'चा अहवाल तुम्ही पाहिला असेल. ग्रामीण भारतात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, ते त्यात असतं. २०१८ मध्ये २७.३ टक्के. २०२२ मध्ये २०.५. आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१. हा शेवटचा आकडा आला तेव्हा सगळीकडे "भरून निघालं" असे मथळे. आनंद आहेच. पण नीट बघा, २०२२ ला तिसरीत होती ती जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली, म्हणजे माझी लेक आणि बारकी. २०२४ ला तिसरीत आहेत ती २०२२ ला पहिलीत आलेली, उघड्या शाळेतली. आकडा वर आला तो वेगळ्या पोरांचा. आधीची तुकडी त्या खान्यातून पुढे निघून गेली, ती आता त्यात मोजलीच जात नाही. भरून निघालं असेल तर वर्गाचं निघालं. त्या पोरांचं काय, ते एकेकट्याला विचारावं लागेल.

माझ्या लेकीला काही झालं नाही. आई होती, मी होते, पुढे पुण्यात शिकवणी होती, घरात पुस्तकं होती. भाच्यालाही नाही.

बारकी तिसरीच्या दिवाळीपर्यंत बोट ठेवून वाचायला लागली. त्या वर्षी आईने तिच्या मायला टोळीबरोबर तिला नेऊच दिलं नाही, "पोर माझ्यापाशी राहील" म्हणून सांगून टाकलं. आता ती वरच्या वर्गात आहे. बोट सुटलंय, ओठ मात्र अजून हलतात वाचताना. गणिताचा पेपर अर्धा तास आधी देऊन बाहेर येते. मराठीचा पुरा होत नाही.